जावयाच्या गाडीचं तेल

शालिकरामजी धकाते यांना मोटार चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढची हकीकत ऐकून एखाद्याला वाटायचं, माणूस मोठा शौकीन असेल. शौक कसला? गिरणीत एकतीस वर्षं चोवीस मागांची दुरुस्ती सांभाळून, कानाने अर्धा बहिरा होऊन, गोळीबार चौकामागच्या गल्लीत घर बांधून बसलेला कोष्टी माणूस. सायकलसुद्धा त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी सोडून दिली होती, कारण उतरताना धोतर अडकायचं.

पण त्यांच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली, एक लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी जर्मन गाडी उभी होती. म्हशीच्या गोठ्यात कोणी मोर बांधावा तशी. गाडी जावयाची, मुकुंदरावांची. दहा वर्षं जुनी, जर्मनीत नोकरीला असताना वापरलेलीच घेतली होती आणि बोटीने आणली होती. आणून सहा महिने होतात न होतात तोच कंपनीने त्यांना परत जर्मनीला धाडलं. तारा, म्हणजे शालिकरामजींची एकुलती एक पोर, ती पण सोबत गेली. जाताना मुकुंदराव म्हणाले, "बाबा, दर गुरुवारी फक्त सुरू करून दहा मिनिटं ठेवायची. बाकी काही नाही."

बाकी काही नाही, हे तीन शब्द ज्याने पहिल्यांदा उच्चारले त्याला शोधून काढून शिक्षा केली पाहिजे.

कारण त्या गाडीत टर्बो नावाचा एक प्रकार होता. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक छोटं चक्र फिरवायचा. ते चक्र दुसऱ्या अंगाने इंजिनात हवा कोंबायचं. हवा कोंबली की गाडी पिसाळायची. त्या चक्राचा दांडा नुसत्या तेलावर तरंगत फिरतो, म्हणून धावून आलेली गाडी एकदम बंद करायची नाही. दोन-तीन मिनिटं नुसती उभ्या उभ्या चालू द्यायची, म्हणजे आतलं तेल जळत नाही. ही गोष्ट जावयाने एकदा सांगितली आणि शालिकरामजींना लगेच उमगली. गिरणीतली सूत कातणारी चाती मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिला तेल कमी पडलं तर ती कशी किंचाळते, हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. त्यांनी नियमच करून टाकला. गाडी दहा मिनिटं जागेवर उभी का असेना, वर तीन मिनिटं मोजून तिला शांत होऊ द्यायची.

गल्लीला मात्र हे उमगलं नाही. दर गुरुवारी शालिकरामजी गाडीशेजारी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे, आणि समोरच्या ओट्यावरून बाबनराव विचारायचे, "शालिकरामजी, बंद होऊन नाही राहिली का गा? मी येऊ काय?"

बाबनराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कुठल्याही कामाची माहिती नव्हती, पण ते काम कोणत्या पद्धतीने व्हायला हवं हे नक्की माहीत असायचं.

"मीच नाही करून राहिलो बंद," शालिकरामजी म्हणायचे. "तेल थंड होऊ द्या लागते."

"भाऊ, मशीन आहे का मेहमान?" शेजारचे ईश्वरदास किराणावाले हसायचे. "जातो जातो म्हणते, अन् दारातच घंटाभर उभी राहते!"

आठ महिने हे चाललं. शालिकरामजींनी समजावणं सोडून दिलं होतं. म्हातारपणी माणूस बऱ्याच गोष्टी समजावणं सोडून देतो, त्यातली ही एक.

मग सोमवारी पत्र आलं. धोंड्याचा महिना लागला होता, वर नवतपा, उन्हाळ्यातले ते नऊ आगीचे दिवस, तापत होता. जावई-लेकीला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं गेलंच होतं, त्याचं उत्तर आलं. रविवारी सकाळी येतो. दोन दिवस राहतो. ताराला गाडीतून फिरवायचं आहे. तेव्हा तेवढं इंजिनाचं नेहमीचं काम करून ठेवावं. नवं तेल आणि तेलाचा फिल्टर डिकीत आहे, हवेचा फिल्टर पार्सलने पाठवला आहे. आणि शेवटी एक ओळ : "मिस्त्री बोलवा. बाबा, तुम्ही स्वतः हात लावू नका."

शालिकरामजी अक्षरं शिकले ते बेचाळिसाव्या वर्षी, गिरणीच्या रात्रशाळेत. अजून ते ओळीखाली बोट धरून वाचत. त्या शेवटच्या ओळीवरून त्यांचं बोट तीन वेळा गेलं.

"काय लिवलं जवाईबापूनं?" रुख्माबाईंनी आतून विचारलं.

"येऊन राहिले म्हणते रविवारी."

"अन् तोंड काहून असं झालं तुमचं?"

"ऊन लागलं."

एकतीस वर्षं ज्या हाताला विचारल्याशिवाय गिरणीत माग सुरू होत नव्हता, तो हात लावू नका म्हणे! शालिकरामजींनी तिथल्या तिथे ठरवलं. तेल आपणच बदलायचं. रविवारी जावई किल्ली फिरवील, गाडी सुरू होईल, आणि मग आपण सहज सांगू, मिस्त्री काही मिळाला नाही बुवा, मीच केलं. आणि नाही झाली सुरू तर? तर ताराला जन्मभर ऐकावं लागेल, मी तुझ्या बाबांना सांगितलं होतं. नवरा बोलला नाही तरी त्याचं न बोलणं ऐकावं लागेल. ते जास्त वाईट.

मंगळवारी, डोक्याला दुपट्टा बांधून आणि उन्हाची लू लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून, ते पार्सलच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाबूने खोकं उलटसुलट केलं.

"यात कागदाचा फिल्टर आहे. म्हणजे कागदी सामान. पण वर मोटारीचा भाग लिहिलं आहे. नक्की काय आहे?"

"दोनी आहे साहेब. मोटारीचा भाग आहे अन् कागदाचा आहे."

"दोन्ही कसं असेल? फॉर्म एकच असतो." बाबूने चष्मा पुसला. "गाडी कोणाच्या नावावर?"

"जवायाच्या."

"मग जावयाला आणा."

"जवाई रविवारी येऊन राहिले. त्याच्या आधी गाडी तयार पाहिजे, म्हणून तं हे पाहिजे!"

"मग सोमवारी घेऊन या त्यांना," बाबू म्हणाला. त्याच्या परीने त्याने वाट काढून दिली होती. "तोवर येऊन गेल्याची नोंद करा." आणि शालिकरामजींच्या धोतराकडे एकदा बघून त्याने न विचारता शाईचा पॅड पुढे सरकवला.

शालिकरामजींनी पॅड परत सरकवला. खिशातून आपलं पेन काढलं. कांदा खाली पडला, तो उचलला. मग 'शालिकराम बळीराम धकाते' एवढं सगळं नाव एकेक अक्षर उभं करून लिहिलं, आणि शेवटी वरून एका दमात रेघ ओढली, ताणा ओढावा तशी सरळ.

"काका, पोथी लिहून राहिले काय?" मागच्या रांगेतून कोणीतरी बोललं.

पार्सल मिळालं नाही. पण अंगठाही दिला नाही. त्या दिवसाची कमाई एवढीच, आणि घरी येईपर्यंत लू लागून डोकं ठणकायला लागलं होतं.

बुधवारी तेल. गाडी इतकी बुटकी की तिच्याखाली मांजर गेलं तरी पोट घासून जाईल. तेव्हा आधी तिची पुढची चाकं उंच करायला हवी होती. जुन्या मागाचे सागवानी ठोकळे माळ्यावर पडले होते. ते आणून उतार केला. गल्लीतले सहा जण मागून ढकलायला आले. बाबनराव पुढे उभे राहून हात हलवत होते.

"डावीकडे! डावीकडे घ्या! अरे, माझी डावी नाही, गाडीची डावी!"

तिसऱ्या खेपेला गाडी चढली. चाकांमागे दगड लावले. मग तेल पातळ व्हावं म्हणून इंजिन दहा मिनिटं चालवलं, आणि अर्थातच, वर तीन मिनिटं. सहा जण घाम पुसत बघत होते. ईश्वरदासांनी सुस्कारा सोडला.

शालिकरामजी घमेलं घेऊन खाली सरकले. तेलाच्या चेंबरच्या बुडाशी असलेल्या नटाला पाना लावला. नट सुटला, आणि तापलेलं तेल असं मनगटावर आलं की हातातला नट टुपकन घमेल्यात पडला. पडू दे, मग काढू, असं त्यांना वाटलं. त्यांची चूक म्हणायची तर ही पहिली. दुसरी ही की, हात भाजला म्हणून ते उठून मोरीवर गेले.

आता नागपुरात जळकं ऑइल म्हणजे काय चीज आहे, हे घर बांधलेल्या माणसालाच कळतं. दाराच्या चौकटीला वाळवी लागली की त्यावर एकच औषध, गाडीचं जळकं ऑइल. आणि त्या गल्लीत गाडी ही एकच. शालिकरामजी हाताला खोबरेल लावून परत येईपर्यंत बाबनरावांनी बाटल्या, डबे आणि दोन गडवे घेऊन आलेल्या माणसांची रांग लावली होती. घमेलं रिकामं होतं आणि धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

"कोणाची तक्रार नाही," बाबनराव अभिमानाने म्हणाले. "सगळ्याइले सारखं वाटलं. पावशेर पावशेर."

"नट?" शालिकरामजी म्हणाले.

"कोणता नट?"

त्यानंतरचा तास शालिकरामजींना पुढे कधी आठवावासा वाटला नाही. ते दारोदार गेले. प्रत्येक घरी बाटली उजेडात धरली, हलवली, ओतून पाहिली. "दिलेलं दान परत मागून राहिले काय?" असं एका घरून ऐकून घेतलं. बाटलीच्या तोंडातून नट जाणारच नाही, हे चौथ्या घरी ध्यानात आलं. मग सगळ्यांत शेवटी, रुंद तोंडाचं भांडं कोणी पुढे केलं होतं? ईश्वरदासांनी. वनस्पती तुपाचा डबा. तळाचा सगळा गाळ त्यांना मिळाला होता, आणि त्यांना त्याचा आनंद झाला होता, कारण गाळ जास्त कडक असतो.

ईश्वरदास उंबऱ्याशी बसून थापी धूत होते.

"ईश्वरदासजी, तो डबा?"

"डबा खाली झाला भाऊ! वाळवीचं घरच सापडलं आज. इथं, चौकटीच्या बुडाशी, मोठं बीळ होतं. सगळं ओतलं, वरून विटेचा तुकडा ठोकला, अन् सिमेंट लावून टाकलं पक्कं. आता सात पिढ्या वाळवी नाही येत!"

शालिकरामजी त्या ओल्या सिमेंटकडे बघत राहिले. नंतर ते उंबऱ्यावर बसले. दिवसभरात ते पहिल्यांदाच बसले होते.

"उकरा लागते," ते म्हणाले.

"काहून?"

"गाडीचं बूच आहे त्याच्यात."

ईश्वरदासांनी आधी नाही म्हटलं. मग उकरायचं तर सिमेंट वाळू द्या म्हणाले, ओलं उकरलं तर चौकट हलेल. बाबनरावांनी यावर असा तोडगा काढला की दोन्ही पक्षांनी लेखी द्यावं. लेखी काही झालं नाही, पण वादात रात्र झाली. गुरुवारी सकाळी, सिमेंट चांगलं दगड झाल्यावर, छन्नी-हातोडा घेऊन शालिकरामजींनी ईश्वरदासांचा उंबरठा फोडला. नट निघाला. त्याच्या गळ्यातली तांब्याची चकतीसुद्धा निघाली. चौकटीचा एक कोपराही निघाला, पण तो आधीच वाळवीने खाल्लेला होता, असं शालिकरामजींचं मत पडलं. ईश्वरदासांचं मत वेगळं होतं.

याच बुधवार-गुरुवारात आणखी एक गोष्ट घडली, आणि तिचा दोष कोणावर टाकायची सोय नव्हती.

शालिकरामजींनी हवेचा जुना फिल्टर काढला होता. नवा सोमवारनंतर मिळणार, म्हणजे जुनाच परत लावायचा. तो धुळीने काळा झाला होता. आता कोष्ट्याच्या घरात मळलेली वस्तू धुतल्याशिवाय परत लावत नाहीत, ती लुगडं असो की गाळणी. त्यांनी फिल्टर रुख्माबाईंकडे दिला.

"रिठ्याच्या पाण्यात घाल वं जरा. चोळजो नको, खळबळजो."

रुख्माबाईंनी खळबळला. नवतप्याच्या उन्हात छपरावर वाळत घातला. दुपारी जाऊन पाहिलं तर त्याचा पापड झाला होता. उचलला तर चुरा हातात आला. उरली फक्त रबराची चौकट आणि तारेची जाळी.

"कागद होता काय हा?" रुख्माबाई म्हणाल्या.

"हो."

"तुमाले माईत होतं?"

शालिकरामजी चुरा गोळा करायला लागले. माहीत होतं. मंगळवारी कचेरीत त्यांनी स्वतःच्याच तोंडाने सांगितलं होतं.

शुक्रवारी त्यांनी मान खाली घातली आणि धरमपेठेत जाऊन भैयाजी मिस्त्रीला आणलं. भैयाजी दुरुस्तीतला जाणता माणूस होता, पण त्याची सवय अशी की गाडी उघडली की आधी पाच मिनिटं तो तिच्याकडे मयताला आल्यासारखा बघायचा.

"टर्बो मी फोटोतच पाहिला," तो अखेर बोलला. "पण तेल सगळ्याइचं सारखंच. नट आना."

नट बसला. तेलाचा फिल्टर बसला. नवं तेल भरलं. शालिकरामजी किल्लीकडे वळले तसा भैयाजी ओरडला, "थांबा! एकदम नका सुरू करू. ते चक्र सुकं आहे आता." ठिणगी पडू नये म्हणून त्याने कॉइलची वायर काढून ठेवली. "आता मारा सेल्फ. नुसतं घुरघुरू द्या. तेल वरपर्यंत चढू द्या, मग वायर लावू."

शालिकरामजींनी आठवड्यात पहिल्यांदा कोणाकडे आदराने पाहिलं. माणूस चात्यांचा धर्म जाणणारा होता.

"अन् हवेचा फिल्टर?" भैयाजीने विचारलं. शालिकरामजींनी रबराची चौकट पुढे केली. भैयाजीने ती डोळ्याला लावून तिच्यातून आभाळ पाहिलं.

"राहू द्या. दोन दिवस तशीच चालवा. काही नाही होत."

"काही नाही होत कसं? धूळ पाहा बाहेर. एक खडा आत गेला न् त्या चक्रावर बसला, तं?"

"तं जवाई जाने अन् जर्मनी जाने," भैयाजी म्हणाला, आणि सायकलवर बसून गेला. फिल्टर लागल्याशिवाय शालिकरामजी काही गाडी सुरू करणार नव्हते, तेव्हा वायर सुटीच राहिली.

शालिकरामजी बराच वेळ ती चौकट मांडीवर घेऊन बसले. काम म्हटलं तर साधं होतं. हवा जाऊ द्यायची, धूळ जाऊ द्यायची नाही. म्हणजे गाळायचं. आणि गाळायला काय लागतं? कापड लागतं. कापड कसलं, तर बारीक, सारख्या विणीचं, ज्यातून तांदळाचं पीठ जातं पण कणी जात नाही असं. असं कापड सबंध घरात एकच होतं.

ते कापड त्यांनीच विणलं होतं. लग्नानंतरचा पहिला धोंडा, खाप्याला, सासऱ्यांच्या घरी. सासरे म्हणाले होते, "जवाईबापू, जेवण होत राहील. आधी बसा जरा मागावर, हात पाहू तुमचा." दीड दिवस बसवलं होतं. नंतर कापड बोटांत चोळून सासरे काही बोलले नव्हते, नुसतं लेकीला म्हणाले होते, "हे पिठासाठी ठेव." रुख्माबाईंनी चाळीस वर्षं त्याच कापडातून अनारशाचं पीठ वस्त्रगाळ केलं होतं. दुसरं कापड त्यांना चालत नसे.

रुख्माबाई आंघोळीला गेल्या होत्या. शालिकरामजींनी कापड घेतलं.

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ त्यात गेली. नुसतं ताणून बसवलं तर इंजिनाला हवा अपुरी पडेल, म्हणून चुण्या घालायला हव्यात, हे त्यांनी कागदी चुऱ्यावरून ओळखलं. तांदळाच्या पेजेची खळ करून कापडाला दिली, म्हणजे चुण्या उभ्या राहतील. धागे मोजून मोजून दुमडलं. तारेच्या जाळीला दुहेरी टाका घालून शिवलं. मग तेलाचा नुसता हात फिरवला, धूळ चिकटून राहावी म्हणून. पाठ मोडून आली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मधे एकदा बाबनराव येऊन म्हणाले, "त्यापेक्षा माझा जुना बनियन बांधा. सुती आहे." शालिकरामजींनी वर पाहिलंच नाही.

आतून रुख्माबाईंचा आवाज आला, "अजी, माहं पीठ गाळाचं फडकं पाह्यलं काय तुमी?"

आधी मुरवून ठेवलेलं पीठ तेहतीस अनारशांना पुरणार नाही असं शनिवारी त्यांच्या ध्यानात आलं होतं, आणि भर म्हणून त्यांनी थोडं नवं पीठ दळून घेतलं होतं. धोंड्यात जावयाला जाळीदार वाण द्यायचं, तेहतीस. बत्तीस नाही, चौतीस नाही.

शालिकरामजी फिल्टर घेऊन दारात उभे राहिले. रुख्माबाईंनी त्या चुण्यांकडे पाहिलं. मग शालिकरामजींकडे पाहिलं. कणकेची चाळणी खुंटीवरून काढली आणि पाठ फिरवून बसल्या. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी शालिकरामजींनी वायर लावली, फिल्टर बसवला आणि किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली. मग सुरू झाली. त्यांनी तीन मिनिटं मोजली, बंद केली, आणि शेडमध्येच पोत्यावर आडवे झाले.

रविवारी रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा सगळी गल्ली आपापल्या दारात होती. बाबनरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ईश्वरदास फुटक्या उंबऱ्यावर पाय ठेवून उभे होते, साक्षीला असल्यासारखे. तारा उतरली, आईच्या गळ्यात पडली. मुकुंदराव पाया पडले, आणि बूट न काढताच शेडकडे वळले. गाडी ठोकळ्यांवरून गल्लीने आदल्या दिवशीच उतरवली होती.

"बाबा, झालं काम?"

"झालं," शालिकरामजी म्हणाले. मीच केलं, हे वाक्य त्यांनी आठवडाभर तयार ठेवलं होतं. ते बाहेर आलं नाही.

"तारा, बस. धरमपेठेपर्यंत जाऊन येऊ."

"जेवण..." रुख्माबाई म्हणाल्या, पण गाडी निघाली होती. गल्लीच्या टोकापर्यंत ती सभ्यपणे गेली. नंतर मोठ्या रस्त्यावरून शिट्टीसारखा एक बारीक, चढत जाणारा आवाज आला, आणि मग तोही गेला.

शालिकरामजी ओसरीवर बसले. अर्धा तास झाला. पाऊण झाला.

"मधीच बसली असंल," ईश्वरदास म्हणाले.

"पद्धतशीर तक्रार आली तर मी साक्ष देईन," बाबनराव म्हणाले. कोणाच्या बाजूने, ते त्यांनी सांगितलं नाही.

शालिकरामजींच्या डोळ्यापुढे ते चक्र फिरत होतं. एक धागा सुटला, आत ओढला गेला, दांड्याला गुंडाळला. गिरणीत असं होतं. एक धागा सुटला की सगळा माग उभा राहतो. टाके दुहेरी घातले होते, पण शेवटची गाठ मारताना डोळ्यांत पाणी होतं. गाठ बसली होती की नाही?

शिट्टी ऐकू आली. गाडी वळली, अंगणात शिरली, थांबली. तारा केस आवरत उतरली. मुकुंदराव मात्र गाडीतच बसून राहिले. इंजिन घुरघुरत होतं.

"बंद होऊन नाही..." बाबनरावांनी सुरुवात केली.

"चूप बसा हो," ईश्वरदास म्हणाले. "तेल थंड होऊन राहिलं तिचं. आठ महिन्यांत एवढं नाही समजलं तुमाले?"

तीन मिनिटं गल्ली गप्प उभी होती. मग मुकुंदरावांनी किल्ली फिरवली, उतरले, आणि बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डब्याचे चाप काढले. आत हात घातला, आणि तो बाहेर काढून उन्हात धरला.

"हे काय आहे?"

शालिकरामजी उठले. गुडघे वाजले.

"पार्सल सुटलं नाही," ते म्हणाले. "म्हणून मी केलं. तेल पण मीच काढलं. तुमी हात लावू नका म्हटलं होतं, पण लावला."

मुकुंदरावांनी चुण्यांवरून बोट फिरवलं. पेनाच्या टोकाने एक चुणी वाकवून पाहिली. उलटं करून आतली बाजू पाहिली. ती स्वच्छ होती. बाहेर धुळीचा पातळ थर बसला होता, अगदी सारखा. शेवटच्या गाठीशी त्यांचं बोट थांबलं. गाठ बसली होती. त्यांनी कापडाची कड बोटांत चोळली, आणि शालिकरामजींना खाप्याचे सासरे आठवले.

"जेवाले चला आता," रुख्माबाई दारातून म्हणाल्या. "निवून राहिलं सगळं."

मुकुंदराव फिल्टर हातात घेऊनच आत आले. पाटाभोवती रांगोळी होती. समोर पितळी ताटात अनारसे रचलेले, मधे दिवा. तारा खाली वाकून मोजत होती.

"आई, बत्तीसच आहेत वं."

रुख्माबाई ताठ झाल्या. "ताजं पीठ जाडं राह्यलं. चाळणीनं गाळलं. शेवटचे हसले तुपात, विरून गेले." आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. शालिकरामजींना वाटलं, आता जावयासमोर सगळं निघणार, रिठा, पापड, फडकं, सगळं. त्यांनी मान खाली घातली. आठवड्याभरात या मानेला तेवढंच एक वळण चांगलं जमायला लागलं होतं.

रुख्माबाई पुढे झाल्या. जावयाच्या हातातून त्यांनी फिल्टर घेतला, पदराने त्याच्यावरची धूळ टिपली, आणि ताटात अनारशांच्या शेजारी, दिव्याला टेकवून ठेवला. वर हळदकुंकू वाहिलं.

"तेहतीस," त्या म्हणाल्या. "जाळीचंच द्या लागते धोंड्यात. याच्याहून बारीक जाळी माह्या घरात नाही."

मुकुंदराव पाटावर बसले. एक अनारसा खाल्ला, दुसरा उचलला. मग म्हणाले, "बाबा, आम्हाला परत जावं लागणार आहे. आणखी एक वर्ष. गाडी कोणाला तरी विकून टाकावी असं मनात होतं."

विकून टाका, फार छान, असं म्हणायला शालिकरामजींनी तोंड उघडलं.

"पण आता नाही विकत," मुकुंदराव म्हणाले. "इथंच राहू द्या. फक्त एक करा, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका."

शालिकरामजींनी सबंध आठवडा हेच ऐकायला हाडं झिजवली होती. आता ऐकलं, आणि पाठीतून एक कळ वर मानेपर्यंत गेली. आणखी बावन्न गुरुवार.

"हो," ते म्हणाले.

"आणि जुना कागदी फिल्टर कुठं ठेवला? नमुना म्हणून..."

"जवाईबापू," रुख्माबाई घाईने म्हणाल्या, "अनारसा घ्या ना आणखी."